राजय्या मास्तरांचा पियानो

आमच्या कारखान्यात पियानो होता, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं शेठ शौकीन असावेत. शेठना गाण्याचा गंध नव्हता. कारखाना चादरींचा होता आणि पियानो म्हणजे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचं यंत्र. दोन्ही हातांच्या बोटांखाली येतील असे बारा खटके, आणि खाली पायाशी एक पायडल. समोर ग्राफच्या कागदावर काढलेली नक्षी टांगलेली असायची. तिची एक ओळ वाचायची, ज्या चौकोनांत रंग आहे तेवढेच खटके एकदम दाबायचे आणि पाय मारायचा. खट्‌ असा आवाज व्हायचा, पत्ता एक घर पुढे सरकायचा. असे हजारो पत्ते दोऱ्यानं एकमेकांना बांधून मागावर चढवले, की त्या भोकांप्रमाणे धागे वरखाली होत आणि चादरीवर फूल उमटे. सोलापुरात या यंत्राला सगळे पियानोच म्हणत. खरा पियानो आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता.

हा पियानो चालवायचे राजय्या मास्तर.

मी एकाहत्तरच्या सुमारास तिथे लागलो. वैरागचा मी, चित्रकलेची परीक्षा पास होऊन नक्षी काढायच्या कामावर आलो होतो. शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “नुसती फुलं काढून भागायचं नाही. वर जा, मास्तरांच्या हाताखाली पंचिंग शिक. त्यांचं वय झालंय. दुसरा माणूस तयार पाहिजे.” जिना चढताना खालच्या एका कामगारानं मला किती दिवस टिकणार म्हणून विचारलं. माझ्याआधी चौघेजण येऊन गेले होते. त्यातला एक तर दुपारच्या सुट्टीत गेला तो परत आलाच नाही, डबासुद्धा तसाच राहिला.

मास्तर ठेंगणे आणि रुंद होते. पांढरा सदरा, धोतर, खांद्यावर पंचा. बोटं आखूड आणि जाड. ती पाहून कुणालाही वाटलं असतं, हा माणूस मार्केटात पोती उचलत असेल. घरची भाषा तेलुगू. लहानपणी वडिलांबरोबर तिकडून आले आणि मागावरच वाढले. मराठी सफाईनं बोलायचे, पण शब्दांची लिंगं त्यांच्या ताब्यात नव्हती. एकाच वाक्यात चादर ‘तो’ही असे आणि ‘ती’ही असे. कामाला बसण्याआधी ते कोपरापर्यंत हात धूत आणि पंच्यानं एकेक बोट वेगळं पुसत. मग कुणाशी बोलत नसत. बोलायचं झालं तर त्यांचे दोनच शब्द ठरलेले होते. “अट्ला कादु.” म्हणजे, तसं नव्हे. बरोबर जमलं तर “हां.” पहिले शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकत होतो. “हां” ऐकायला मला पावणेदोन महिने लागले.

त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. गाव विचारलं. त्या दिवसापासून मी ‘वैराग’ झालो.

“ए वैराग, बस हितं. बोटं ठेव.”

मी बसलो, बोटं ठेवली. पत्ता लावलेला नव्हता.

“पत्ता?”

“पत्ता न्हाय. नुसतं दाब. एक, तीन, पाच. दोन, चार, सहा.”

असे तीन आठवडे गेले. कोऱ्या यंत्रावर मी खटके दाबत होतो आणि मास्तर माझ्याकडे पाठ करून खिडकीत उभे राहून ऐकत होते. मी बोटांकडे बघितलं की न वळताच त्यांना कळायचं. कसं कळायचं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा बघून दाबलं की दाबायला क्षणभर उशीर होत असावा. “अट्ला कादु,” असं खिडकीतून यायचं. बघायचं का नाही, हे ते कधी सांगत नसत. पत्ता का नाही तेही सांगत नसत. विचारलं तर पंचा झटकून खाली चहाला जात.

चौथ्या आठवड्यात पत्ता मिळाला. मी पाडलेले पहिले वीस पत्ते त्यांनी उजेडासमोर धरले, एकेक पाहिला आणि सगळे मोडून टाकले. काय चुकलं ते मीच शोधायचं. मी मोडलेले पुठ्ठे घरी नेऊन ग्राफवर जुळवत बसायचो. नोकरी सोडावी असं अनेकदा मनात आलं, पण परत वैरागला जाऊन काय सांगायचं, हा प्रश्न होता.

त्याच वर्षी अंबूबाईचं प्रकरण झालं. अंबूबाई जवळच्या कुंभारी गावाहून रोज कामाला यायची. तीस-बत्तीस वर्षांची, नवरा वारलेला, एक मुलगी. खाली सुताच्या कांड्या भरण्याच्या ओळीत ती बसायची. तिथल्या बायकांत तिच्या हाताला सगळ्यात जास्त वेग होता. दुपारी सगळ्या भाकरी खायला बसल्या की ही जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन मास्तरांचं काम बघत उभी राहायची. एक दिवस तिनं धीर करून विचारलं.

“मास्तर, मला शिकवता का ह्ये?”

मास्तरांनी पाय थांबवला. “काय?”

“ह्ये पियानो. मला आकडे येत्यात. शंभरपत्तोर.”

“ह्ये बायकांचं काम न्हाय,” मास्तर म्हणाले. “कांड्या भर जा.”

ती खाली गेली. पुन्हा जिन्यावर दिसली नाही. मी तिथेच होतो. तिची बाजू मीही घेतली नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांच्या मुलीचं, पद्माचं लग्न झालं आणि ती भिवंडीला गेली. तिला शिकायला म्हणून आणलेली पेटी घरी राहिली. मास्तरांनी एका रविवारी ती उघडून पाहिली. सोमवारी मला म्हणाले, “वैराग, पेटी म्हणजे काय, पट्ट्याच की. पट्ट्या हायत, बोटं हायत. आपल्याला महिन्याचं काम.”

वय त्यांचं तेव्हा पंचावन्नच्या घरात. तळ्याच्या बाजूला शिवलीलाबाई म्हणून एक गायन शिकवणाऱ्या बाई राहत. घरी कानडी, बाहेर मराठी, वय जेमतेम पस्तीस. पाच वाजता भोंगा झाला की मास्तर हात धुऊन तिकडे जाऊ लागले. आठवडाभर खुशीत होते. मग गप्प झाले. काय चाललंय ते कुणालाच सांगत नव्हते.

ते मला योगायोगानं कळलं. एका संध्याकाळी शेठनी मास्तरांसाठी तातडीचा निरोप देऊन मला शिवलीलाबाईंच्या घरी पाठवलं. दार उघडंच होतं. सतरंजीवर सात-आठ मुली बसलेल्या, दोन वेण्या घातलेल्या, आणि त्यांच्या मध्ये धोतर आवरून बसलेले आमचे मास्तर. समोर पेटी. ते साधा सा रे ग, रे ग म वाजवत होते. वाजवत होते म्हणणंही धाडसाचंच. दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या जात होत्या, कारण तीस वर्षं बोटांना एकदम दाबायचीच सवय. डाव्या हातानं भाता हलवायचा, तर तो हात भाता सोडून पट्ट्यांवर यायचा आणि सूर मरायचा. आणि प्रत्येक सुराला त्यांचा उजवा पाय सतरंजीवर आपटत होता. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या.

मला वाटलं, आता हे उठतील आणि पेटी उचलून चालू लागतील. मी दाराआड सरकलो.

“मास्तर, थांबा,” शिवलीलाबाई म्हणाल्या. “तुमची बोटं हुशार आहेत. इतकी हुशार आहेत की तुमचं ऐकतच नाहीत. म्हणून मी तुम्हाला पट्ट्या दाबू नका म्हणते. पंधरा दिवस नुसता भाता हलवा. का ते सांगते. भाता म्हणजे पेटीचा श्वास. डावा हात श्वास घ्यायला शिकला, की तो उजव्याच्या कामात नाक खुपसणार नाही. कळलं?”

“कळलं, बाई.”

“आणि पायाचं वाईट वाटून घेऊ नका. तुमचा ताल पक्का आहे. या पोरींना तो शिकवायला मला वर्ष लागतं.”

मास्तरांनी मान हलवली आणि भाता हलवायला लागले. मी दहा मिनिटं थांबून मग निरोप दिला. वाटेनं आम्ही बरोबर आलो.  चौकात सायकलींची गर्दी होती म्हणून थांबलो, तेव्हा मास्तर म्हणाले, “बघितलास काय?”

“थोडंसं,” मी म्हणालो.

“बाईनी पंधरा दिवस नुसतं भाता मारायला सांगितली. मी तुला तीन आठवडे कोऱ्या मशीनवर बसवलो. एकच हाय की.” थोडं चालल्यावर म्हणाले, “पण बाईनी का ते सांगितली. मी सांगितलो न्हाय. मला वाटायचं, हे पोरगं मठ्ठ हाय. तू मठ्ठ न्हवतास, वैराग.”

त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती. रस्त्यात ऐकली म्हणून बरं, कारखान्यात असतो तर मला काय करावं सुचलं नसतं.

त्यानंतर पियानोवर बसण्यात फरक पडला. “अट्ला कादु” तसंच राहिलं, पण त्यापुढे वाक्य येऊ लागलं. बोटांकडे का बघायचं नाही, तर डोळे ग्राफवरून उठले की परत त्याच ओळीवर बसतील याची खात्री नसते. आधी कोरं यंत्र का, तर पुठ्ठा असला की माणूस चूक लपवायला बघतो. दुपारी डबा खाताना ते कधीकधी दोन्ही विद्या शेजारी मांडून बोलायचे. पेटीला चुकलं तर कान तिथल्या तिथं सांगतो. पियानोला चुकलं तर चूक पुठ्ठ्यात जाऊन बसते आणि आठ दिवसांनी चादरीत निघते, तोवर चुकणारा माणूस मजेत जेवून झोपत असतो. म्हणून पियानो अवघड, असं त्यांचं मत. शिवलीलाबाईंना ते मान्य नव्हतं म्हणे. त्यांचं म्हणणं, पेटीवरची चूक चार लोकांसमोर होते, म्हणून ती अवघड. मास्तरांनी हा वाद पुष्कळ दिवस चालवला.

पेटी मात्र त्यांना साधली नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. दोन वर्षांनी चार भजनं आली, तीही सावकाश. त्यांच्या बायकोनं एकदा मला सांगितलं, “रोज वाजवतात. रोज तेच वाजवतात.” मास्तर शेजारी बसून ऐकत होते. त्यांना त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

मग डाळिंबाची चादर झाली. नक्षी माझी होती, पहिली स्वतंत्र. डाळिंबाच्या फांद्या, त्यावर फळं, एक फळ उललेलं. शेठना ती आवडली. ती ग्राफवर उतरवून मी मास्तरांना दिली. दिवाळीपासून कुठलेही पत्ते पाडताना ते मला शेजारी बसवून ओळी वाचायला लावत होते. “वाच की मोठ्यानं, मला ऐकत काम करायला बरं वाटतंय.” पेटीमुळे कान तयार झाला असेल, असं मी समजलो. कधी मी खाली गेलो की ते एकटेच पुढे करत.

चादरी विणून झाल्या. पहिला गठ्ठा उलगडला, तर प्रत्येक डाळिंबाच्या उजव्या गालावर एक खाच. प्रत्येक चादरीवर, प्रत्येक फळावर, त्याच जागी. शेठनी मला आणि मास्तरांना बोलावलं.

“पोपटानं खाल्लंय काय रे?” शेठ मला म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. “ग्राफ कुणी काढला?”

“मी.”

“मग उद्यापासून वैरागात बसून डाळिंबं काढ.”

मी ग्राफ बरोबर असल्याचं सांगायला लागलो, पण शेठना ऐकायचं नव्हतं. मास्तरांच्या पंचिंगमध्ये चूक निघणं ही गोष्ट त्या कारखान्यात कुणाच्या डोक्यातच येत नव्हती. माझ्याही आली नाही. मला वाटायला लागलं, ग्राफच चुकला असणार.

मास्तर वर गेले. तासाभरानं पत्त्यांची लांबलचक माळ खांद्यावर टाकून खाली आले. सोबत माझा ग्राफ. तो त्यांनी शेठच्या टेबलावर पसरला आणि नाक टेकेल इतकं वाकून त्यातली एक जागा बोटानं दाखवली. मग भोकं बोटांनी चाचपून तीन पत्ते खिडकीच्या उजेडासमोर धरले.

“ग्राफ बरोबर हाय. पत्ता चुकला. माझा हात.”

“तुमचा?” शेठ म्हणाले.

“डोळे गेले, शेठ. दिवाळीपासून. समोरचा चौकोन धुरासारखा दिसतोय. पोरगं वाचतंय तोवर बरोबर जातंय. ते नसलं की मी अंदाजानं मारलो.”

शेठ खुर्चीत मागे टेकले. मला दिवाळीपासूनचं सगळं मोठ्यानं वाचणं आठवलं आणि माझंच तोंड उतरलं. मी इतके महिने शेजारी बसून होतो.

“आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलो असतो तर मशीन सुटला असता,” मास्तर म्हणाले. ते पंच्यानं बोटं पुसत होते, आणि ती कोरडीच होती.

शेठनी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मोतीबिंदू होता, पण पिकेपर्यंत ऑपरेशन होणार नव्हतं. प्रश्न होता, पियानोवर कोण. मला काम येत होतं, पण माझा वेग मास्तरांच्या निम्माही नव्हता, आणि तो वाढणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेठ बाहेरगावाहून माणूस आणायचं म्हणत होते. मास्तर म्हणाले, “दोन महिने द्या. हितंच माणूस हाय.”

“कोण?”

“अंबूबाई.”

शेठ हसले. मग मास्तर हसत नाहीत हे पाहून थांबले. “दोन महिने,” ते म्हणाले. “कांड्यांवर तिची जागा रिकामी ठेवणार नाही पण. जमलं नाही तर तिचं तिनं बघावं.”

मास्तर स्वतः जिना उतरून कांड्यांच्या ओळीत गेले. सगळ्या बायका बघायला लागल्या. मी मागे उभा होतो.

“अंबूबाई, पियानो शिकतीस काय?”

तिनं हातातली कांडी भरून पूर्ण केली, मगच वर पाहिलं. “तवा तुमी न्हाय म्हणला. बायकांचं काम न्हवं म्हणला.”

“चुकलं माझं.”

एवढ्या बायकांसमोर ते असं सरळ म्हणतील, हे तिला अपेक्षित नसावं. ती जरा गडबडली. “आन्‌ न्हाई जमलं तर? हितली जागा जातीया माझी. पोरगी हाय मला.”

“जाईल,” मास्तर म्हणाले. “खोटं सांगत न्हाय. पण तुला जमतंय. का ते सांगू? तू कांडी भरतीस तवा कांडीकडं बघत न्हाईस. दाराकडं बघतीस.”

अंबूबाईनं विचार करायला एक दिवस घेतला आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून वर आली.

ते दोन महिने मी जवळून पाहिले. मास्तर तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसत, डोळे मिटून. कोऱ्या यंत्रावर तिला त्यांनी चारच दिवस ठेवलं. तिचा अडथळा पायात होता. पायडल जोरात आपटलं की ती दचकायची आणि बोटं सैल सुटायची. मास्तरांनी तिला दोन दिवस नुसतं पायडल मारायला लावलं, बोटं मांडीवर ठेवून. “मेल्लगा,” ते म्हणायचे, सावकाश. “पाय म्हणजे मशीनचा श्वास.” हे वाक्य कुठून आलं ते मला माहीत होतं. ग्राफची ओळ ती आकड्यांनी वाचत नसे. भरलेले आणि रिकामे चौकोन ती एका नजरेत आकारासारखे उचलायची, जशी आपण ओळखीच्या माणसाची चाल ओळखतो. मला ते कधी जमलं नाही. पंचविसाव्या दिवशी मास्तर “हां” म्हणाले. मी मनात माझे पावणेदोन महिने मोजले.

दीड महिन्यानं डाळिंबाचे पत्ते तिनं पहिल्यापासून पाडले. मागावरून पहिली चादर उतरली तेव्हा शेठ खाली येऊन उभे होते. मास्तरांना दिसत नव्हतं. त्यांनी चादरीवर हात फिरवला आणि मला विचारलं, “उजवा गाल?”

“अख्खा आहे,” मी सांगितलं.

अंबूबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मास्तरांनी कुणाला तरी चहा आणायला सांगितलं.

पुढे मास्तरांचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा लागला, पण ते कामावर परत आले नाहीत. पेटीचा वर्ग मात्र सुरूच होता. मला इचलकरंजीला चांगली जागा मिळाली आणि मी जायची तयारी करत होतो, त्या सुमारास ते एका दुपारी कारखान्यात आले. पाचसहा महिन्यांनी येत होते. चष्म्यामुळे डोळे एवढे मोठे दिसत होते की क्षणभर ओळखू आले नाहीत.

वर अंबूबाईचं काम चालू होतं. मी “या की आत” म्हणालो. त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि दारात उभे राहिले. पत्ता संपेपर्यंत ते तिच्या हातांकडे बघत होते. या हातांचं पियानोवरचं काम त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तिला त्यांनी सगळं ऐकून शिकवलं होतं.

तिनं वळून पाहिलं, चटकन उठली. “बसा मास्तर.”

“बसतो. पण आधी सांग. करंगळी काय करतीस तू?”

“कुटं काय?”

“कडंचा खटका. मी अनामिकेनं मारायचो. तू करंगळीनं मारतीस, आन्‌ अनामिका आधीच पुढच्या ओळीच्या खटक्यावर ठेवतीस. कुणी शिकवलं?”

“कुणी न्हाय. माझी बोटं लहान हायती. तसं केल्याबिगर पुरंना.”

मास्तर स्टुलावर बसले. पंचा मांडीवर ठेवला, चष्मा वर सरकवला आणि दोन्ही हात खटक्यांवर मांडले. “दाखव.”

अंबूबाईनं माझ्याकडे पाहिलं.  मग ती त्यांच्या मागे उभी राहिली, वाकून तिनं त्यांची उजवी करंगळी धरली आणि कडेच्या खटक्यावर ठेवली. ती घसरली. तिनं पुन्हा ठेवली.

“न्हाय, तसं न्हवं,” ती म्हणाली. “ढिली सोडा.”

“अशी?”

“आजून ढिली.”

खाली मागावर उभ्या धाग्यांचा नवीन ताणा चढवत होते आणि मला हाक आली, म्हणून मी जिना उतरलो. नंतर महिनाभरातच मी सोलापूर सोडलं आणि मास्तर मला पुन्हा भेटले नाहीत. त्या दुपारी जिन्यात मी थोडा थांबलो होतो. वरून पायडलचा आवाज येत होता, सावकाश, शिकाऊ माणसाचा, आणि मध्ये मध्ये अंबूबाईचं “परत, मास्तर.”

“व्हय बाई,” मास्तर म्हणत होते.